अंगठा, आकडे आणि दा-रा: बेस गिटारच्या टॅबची कुळकथा

१/ पुण्यातल्या एखाद्या कॉलेज बँडमधील बेस गिटारवादकाला विचारा, ‘स्लॅप’ कुठे शिकलास? बहुधा उत्तर येईल, टॅब पाहून. त्यावर जाणकार नाक मुरडतात. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही त्यांची ती पळवाट, असा एक समज आहे. तो इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, ते या धाग्यात पाहू. #धागा

२/ आधी संज्ञा. टॅब म्हणजे टॅब्लेचर. बेसच्या चार तारांसाठी चार आडव्या रेघा; सर्वांत खालची रेघ सर्वांत जाड तारेची. रेघेवरचा आकडा म्हणजे पडद्याचा क्रमांक, शून्य म्हणजे मोकळी तार. ही लिपी स्वराचे नाव सांगत नाही. बोट कुठे ठेवायचे एवढेच सांगते.

३/ स्लॅपमध्ये उजव्या हाताची कामे दोन. अंगठ्याच्या हाडाने जाड तारेवर ठोका द्यायचा, की ती पडद्यांवर आदळून उसळते. मग तर्जनी बारीक तारेखाली अडकवून ती ओढून सोडायची. टॅबमध्ये पहिल्या क्रियेला ‘टी’, दुसरीला ‘पी’. ई तारेवर ३ आणि ‘टी’, मग डी तारेवर ५ आणि ‘पी’: स्वर तोच, पण एक सप्तक वर. आकड्याऐवजी फुली असेल तर तार दाबायची नाही, नुसती झाकायची. ऐकू येतो तो केवळ ठोका.

४/ हे तंत्र कोणत्याही कागदावर जन्मले नाही. उभ्या, अवाढव्य डबल बासच्या तारा ओढून आपटण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लीन्सच्या जॅझवादकांत होतीच. लिओ फेंडरचा ‘प्रिसिजन बेस’ १९५१ साली आला. त्याच्या विजेरी तारांवर आजचा स्लॅप रुजवण्याचे श्रेय दिले जाते लॅरी ग्रॅहम यांना.

५/ ग्रॅहम (जन्म १९४६) सॅन फ्रान्सिस्को परिसरात आपल्या आईबरोबर, डेल ग्रॅहम यांच्याबरोबर वाजवत. ड्रमवादक उरला नाही, तेव्हा ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी अंगठ्याने मोठ्या ढोलाचा ठोका धरला आणि ओढलेल्या तारेने छोट्या ढोलाचा. पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’च्या १९६९ मधील ‘थँक यू’ या गाण्याने हा नाद जगभर पोचला. म्हणजे स्लॅप हे मुळात तारेवर वाजवलेले तालवाद्य आहे. हा मुद्दा ध्यानात असू द्या.

६/ आता लिपीकडे. टॅब ही इंटरनेटची उपज नव्हे. १५०७ साली व्हेनिसमध्ये ओत्तावियानो पेत्रुच्ची यांनी फ्रान्चेस्को स्पिनाचिनो यांच्या ल्यूटवादनाची पुस्तके छापली. त्यांत सहा रेघा आणि त्यांवर आकडे आहेत. शिवाय गायनाची लिपी न जाणणाऱ्यांसाठी नियमही दिले आहेत. ज्याला आज आपण पळवाट म्हणतो, तो या लिपीचा ५०० वर्षांपूर्वीचा जाहीर हेतू होता.

७/ एक गंमत. त्या इटालियन पद्धतीत खर्जाची तार सर्वांत वरच्या रेघेवर असे. वाद्य मांडीवर घेऊन खाली पाहिले की तार जशी दिसते, तशी. १५३६ साली व्हॅलेन्सियात लुईस मिलान यांनी ‘एल माएस्त्रो’ या ग्रंथात हा क्रम उलटा केला. आजचा टॅब त्याच क्रमाने लिहिला जातो.

८/ मात्र एक फरक फार मोलाचा आहे. ल्यूटच्या त्या लिपीत रेघांच्या वर काळाच्या खुणा असत: कोणता आघात किती वेळ टिकवायचा, ते सांगणाऱ्या. १९९० च्या दशकात इंटरनेटवर टंकाच्या अक्षरांनी टॅब लिहिले जाऊ लागले, तेव्हा बहुतेकांतून ही वरची ओळ गळाली. गाणे ऐकलेले असेलच, असे गृहीत धरले गेले. छापील पुस्तकांत ती ओळ अजून आढळते; फुकट मिळणाऱ्या टॅबमध्ये क्वचितच.

९/ इतर वाद्यांसाठी ही उणीव कदाचित सोसवेल. स्लॅपसाठी ती जीवघेणी आहे. ज्या तंत्राचा प्राणच ठेक्यात आहे, त्याच्या लिखाणातून ठेका गेला तर उरते काय? बोटांचा पत्ता उरतो. त्या पत्त्यावर केव्हा पोचायचे, ते कळत नाही.

१०/ असा पेच चीनमध्येही आहे. छिन या सात तारांच्या वाद्यासाठी लिहिलेल्या ‘यौलान’ या रचनेचे सातव्या शतकातील हस्तलिखित आज टोकियोत आहे. कोणत्या बोटाने कोणती तार कुठे छेडावी, हे त्यात सलग वाक्यांत लिहिले आहे. लय मात्र लिहिलेली नाही. ती प्रत्येक वादकाला परंपरेच्या आधाराने स्वतः उभी करावी लागते.

११/ आणि आपल्याकडे? पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. बडोद्यात मौलाबक्ष यांनी १८८६ साली संगीतशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी शिकवली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. त्यांच्या लिपीत मात्रांच्या कालमानासाठी वेगवेगळ्या खुणा होत्या. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग घराण्यांच्या बंदिशी सर्वांसमोर ठेवून गेले.

१२/ तेव्हाही आक्षेप हाच होता: कागदावरची बंदिश म्हणजे नुसता सांगाडा. आक्षेप खोटा नव्हता. पण जी विद्या मिळायला आधी कुणाची मर्जी सांभाळावी लागे, तिचा निदान सांगाडा तरी कुणालाही चार पैशांत मिळू लागला. आजच्या टॅबचे ऐतिहासिक मोल नेमके हेच आहे. ज्याला शिक्षक परवडत नाही, त्यालाही दार उघडे राहते.

१३/ सांगाड्यात प्राण भरण्याचे साधन मात्र आपल्या परंपरेत तयार आहे: बोल. सतारीच्या उजव्या हाताचे आघात ‘दा’ आणि ‘रा’ अशा अक्षरांनी सांगितले जातात. मसीतखानी गतीचा साचा पाहा: दिर दा दिर दा रा दा दा रा. आठ मात्रा, ‘दिर’मध्ये एका मात्रेत दोन आघात. आघात कोणता आणि केव्हा, या दोन्ही गोष्टी एकाच उच्चारात. तबल्याचा विद्यार्थीही हात टाकण्याआधी कायद्याची पढंत करतो. टॅबमधील टी आणि पी हे बोलच आहेत. फक्त ते कोणी उच्चारत नाही.

१४/ म्हणून टॅबवरून स्लॅप शिकणाऱ्यांनी मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे, हाताने मात्रा मोजाव्यात आणि आकड्यांना तोंडाने बोल द्यावेत: अंगठ्याला ‘धुम’, ओढलेल्या तारेला ‘टक’, फुलीला ‘क’. बोल लयीत बसले की मगच गिटार उचलावी. ५०० वर्षांपूर्वी रेघांच्या वर असलेली आणि वाटेत गळालेली ओळ अशी तोंडी परत लिहिता येते.

(धागा समाप्त. तुमच्या वाद्याचे बोल कोणते, ते खाली जरूर लिहा.)