बिग ईस्टची वाटणी

घर वाढले म्हणजे गोकुळ होतेच असे नाही. अमेरिकेत १९७९ साली पूर्वेकडील सात महाविद्यालयांनी बास्केटबॉलसाठी ‘बिग ईस्ट’ ही जूट बांधली. १९८५ च्या राष्ट्रीय स्पर्धेतील अखेरच्या चार संघांत तिचे तीन होते. पुढे फुटबॉलच्या पैशाने सूत्रे हाती घेतली. २००५ मध्ये सभासद सोळा झाले. प्रत्येकाशी दोनदा खेळायचे तर सामने तीस! ते वेळापत्रकात मावणार कोठून? २०१३ साली सिरॅक्यूज बाहेर पडले. जॉर्जटाऊनशी त्याची ठरलेली झुंज मोडली. सात कॅथॉलिक संस्थांनी नाव राखून वेगळी चूल मांडली, तीन नवे सोबती घेतले. तेव्हा संघ होते दहा, प्रत्येकाशी दोनदा गाठ, सामने अठरा. श्रोतेहो, प्रतिस्पर्धी वरचेवर भेटला तरच चुरशीला गोडी; ती कोणत्या खातेवहीत मांडणार?