फळांचे माप : कपातून ग्रॅममध्ये

पाककृतींच्या पुस्तकांत ‘दोन कप आंब्याच्या फोडी’ किंवा ‘एक वाटी स्ट्रॉबेरी’ असे उल्लेख आढळतात. बाजारात मात्र बहुतेक फळे किलोने मिळतात. माप आणि वजन यांची सांगड फ्रूट सॅलडमध्ये चुकली, तर फारसे बिघडत नाही. साखरांबा, मुरांबा वा जॅममध्ये चुकली, तर वर्षभराची बेगमी बुरशी येऊन वाया जाऊ शकते.

फरक का पडतो?
धान्य मापाने मोजण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पायली, शेर, मापटे, चिपटे ही सारी त्यासाठीचीच मापे. दाणे लहान व सारख्या आकाराचे असल्याने मापट्यातील पोकळी दर वेळी जवळपास तेवढीच राहते आणि हिशेब जुळतो. फळांचे तसे नसते. फोडी मोठ्या असतील तर त्यांच्यामध्ये हवा अधिक राहते, बारीक असतील तर कमी आणि गरात जवळजवळ राहतच नाही. त्यामुळे एकाच फळाच्या कपाचे वजन ते कसे चिरले आहे त्यानुसार बदलते.

एका कपाचे वजन
अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकांनुसार अशा एका कपात मावणारे वजन पुढीलप्रमाणे :

स्ट्रॉबेरी अख्खी – १४४ ग्रॅम
स्ट्रॉबेरीच्या चकत्या – १६६ ग्रॅम
स्ट्रॉबेरीचा गर – २३२ ग्रॅम
आंब्याच्या फोडी – १६५ ग्रॅम
अननसाच्या फोडी – १६५ ग्रॅम
पेरूच्या फोडी – १६५ ग्रॅम
सफरचंदाच्या फोडी – १२५ ग्रॅम
केळ्याच्या चकत्या – १५० ग्रॅम
कुस्करलेले केळे – २२५ ग्रॅम

ऑस्ट्रेलियातील पाककृतींमध्ये कप २५० मिलिलिटरचा धरतात, हेही ध्यानात ठेवावे.

साखरेचा हिशेब
एक कप साखर सुमारे २०० ग्रॅम भरते. ‘जितके कप फळ, तितके कप साखर’ असे प्रमाण घेतल्यास एक किलो आंब्याच्या फोडींना सुमारे १,२०० ग्रॅम साखर लागेल. आंब्याचा गर कपाला साधारण २५० ग्रॅम भरतो. त्यामुळे एक किलो गराला ८०० ग्रॅमच साखर पडेल. शब्द तेच, फळ तेच, पण साखरेत ४०० ग्रॅमचा फरक! साखर फळातील पाणी धरून ठेवते आणि बुरशीला वाढू देत नाही. ती कमी पडली व मिश्रण पुरेसे आटले नाही, तर पदार्थ टिकत नाही. जास्त झाली, तर खडे धरतात. म्हणूनच २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत जॅमचे निकष वजनाच्या टक्केवारीत दिले आहेत : विरघळलेला घन अंश किमान ६५ टक्के आणि फळ किमान ४५ टक्के; स्ट्रॉबेरी व रासबेरीसाठी फळाचे प्रमाण किमान २५ टक्के.

घरच्या वाटीचे माप
घरोघरच्या वाट्या सारख्या नसतात. आपली वाटी किती मिलिलिटरची, हे काढणे सोपे आहे. रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा व ती पाण्याने काठोकाठ भरावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग कपाच्या वजनाला वाटीच्या मिलिलिटरने गुणून २४० ने भागावे. १५० मिलिलिटरच्या वाटीत आंब्याच्या फोडी सुमारे १०३ ग्रॅम मावतील.

वाटी शिगोशीग न भरता सपाट भरावी, फोडी दाबू नयेत. साल, कोय, देठ काढल्यानंतरच वजन करावे. फोडींचा आकार घरोघरी वेगळा असल्याने तीन वाट्या स्वतंत्रपणे तोलून सरासरी काढावी आणि ती पाककृतीच्या वहीत नोंदवून ठेवावी. टिकाऊ पदार्थांसाठी मात्र फळ आणि साखर दोन्ही थेट काट्यावर तोलणे, हाच खात्रीचा मार्ग होय.