ट्रॉलीचा हूक, पिन अन् दांडा : घेताना काय बघायचं, कधी बदलायचं?

परळ-लालबागच्या मूर्तिशाळांतून मोठा गणपती बाहेर पडतो तो ट्रॉलीवर. पुढं ट्रॅक्टर जोडला की सगळी ओढ येते ट्रॉलीच्या दांड्यावर अन् दांडा अडकवणाऱ्या पिनवर. माणसं दोर धरून नेत असतील तरी वळवायचं काम दांड्याचंच.

तालुक्यात वेगळं काही नाही. भाद्रपदात जी ट्रॉली मंडळाचा गणपती मिरवते, तीच दिवाळीच्या आसपास उसाला जुंपली जाते. टायर, इंजिन, रंग यांकडं मालकाचं लक्ष असतं, पिनकडं मात्र ती तुटल्यावरच. आणि तुटते तेव्हा मागून येणारा दुचाकीवाला नाहीतर दांड्याशेजारून चालणारा पोरगा सापडतो.

पिन झटक्यानं तुटते

भरलेली ट्रॉली ओढायला लागणारं बळ ऐकलं तर कमी वाटेल. ५ टनांची ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर एकसारखी चालत असेल, टायरात हवा बरोबर असेल, तर १०० किलोच्या आसपास ओढ पुरते. म्हणून तर माणसं दोर धरून मूर्ती नेऊ शकतात. १०० फुटाला ५ फूट असा चढ लागला की त्यात आणखी २५० किलोंची भर पडते. तरीही एवढ्यानं चांगली पिन तुटत नाही.

तुटते ती झटक्यानं. भोकात पिन ढिली असली की ट्रॅक्टर आधी तेवढं अंतर मोकळा जातो, अन् मग मागचं ५ टनांचं धूड त्याला एकदम अडवतं. ब्रेक दाबला की उलटं, ट्रॉली येऊन आदळते. प्रत्येक दणक्याला भोक जरा लांबट होतं अन् पुढचा दणका जरा मोठा बसतो.

मिरवणुकीत हे सगळ्यात जास्त होतं. उसाची ट्रॉली एकदा निघाली की बऱ्यापैकी चालत राहते. लालबागहून भायखळा, नागपाडा करत गिरगाव चौपाटीला जाणारी मूर्ती मात्र पावलोपावली थांबते अन् पुन्हा निघते. लालबागच्या राजाला या वाटेवर रात्र सरून दुसरा दिवस उजाडतो. जितके थांबे, तितके झटके.

त्यात वाटेवरचे पूल. करी रोड अन् चिंचपोकळीच्या रेल्वेवरच्या जुन्या पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका, अशा सूचना मुंबई महापालिकेनं गणेशोत्सवात दिलेल्या आहेत. पिन नेमकी तिथंच गेली तर मूर्ती पुलावर अडकते अन् मागची गर्दी वर चढतच राहते. उतारावर तर बिनब्रेकची ट्रॉली पुढच्यालाच ढकलते. तिथं पुढच्या दोराचा उपयोग नाही. मागून दोर धरणारी माणसं हवीत, अन् चाकाशेजारी उटी, म्हणजे लाकडी ठोकळा, घेऊन चालणारे दोघं हवेत. बैलगाडीच्या काळात उटी प्रत्येकाच्या गाडीला असायची. ट्रॅक्टर आले अन् ती सवय सुटली.

घेताना

आधी ट्रॉली कुठली ते बघायचं. दोन चाकी ट्रॉलीत मालाचा काही भार ट्रॅक्टरच्या हूकवर बसतो, त्यामुळं हूक ओढही सोसतो अन् वजनही. अशा ट्रॉलीत माल मागं जास्त भरला तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात अन् पकड जाते. चार चाकीत पुढची चाकं टर्नटेबलवर फिरतात. दांडा फक्त ओढतो अन् वळवतो, म्हणून तो वर-खाली मोकळा हलला पाहिजे. मोठ्या मूर्तीला ही चार चाकी जातच बरी, कारण उंच मूर्तीचा तोल दांड्यावर टाकून चालत नाही.

पिन घेताना नुसतं 'जाड द्या' म्हणून भागत नाही. भोकात ती हातानं सहज उतरावी, पण उतरल्यावर खडखडू नये. तयार मिळाली नाही तर लेथवर ईएन-८ पोलादाची करून घ्यावी. बांधकामाची सळई कापून पिन करायची पद्धत गावोगाव आहे, ती घातक आहे. सळईवर दाते असतात, भार दात्यांच्या टोकांवर येतो अन् भोक खाऊन टाकतो. बोल्ट घालायचाच असेल तर डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ लिहिलेला बोल्ट चौरस मिलिमीटरला ८० किलोच्या आसपास ओढ सोसतो, १०.९ वाला १०० किलोच्या. डोकं कोरं असेल तर त्याचा भरवसा नाही. आणि आट्यांचा भाग भोकात येता कामा नये. बोल्ट आधी तिथंच तुटतो.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. दोन ट्रॉल्यांमधली पिन एकाच ट्रॉलीचा भार ओढते, ट्रॅक्टरची पिन दोन्हींचा. सारख्या दोन पिना घेतल्या तर पुढची आधी झिजणार.

हूक ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच हवा. चढाला जोर मिळतो म्हणून टोचनची साखळी वर, टॉपलिंकच्या जागी बांधणारे आहेत. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उचलतो अन् उताणा पडतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

पिनला खालून क्लिप अन् दांड्याला वेगळी सुरक्षा साखळी, या दोन्ही गोष्टी हव्यात. साखळी दांड्याखालून फुलीसारखी आडवी घ्यायची, म्हणजे पिन निघाली तरी दांडा रस्त्यावर न पडता तिच्यावर टेकतो. वळताना ताणणार नाही एवढीच ढिली ठेवायची. क्लिपच्या जागी तार पिळणं हा घरी येईपर्यंतचा तात्पुरता उपाय, हंगामभराचा नाही.

देखभाल

पिन काढायची, फडक्यानं पुसायची अन् नख फिरवायचं. झिजल्या अन् न झिजल्या भागाच्या मध्ये नखाला पायरी लागली तर पिन बाद. भोक गोल आहे की अंड्यासारखं, ते व्हर्नियरनं दोन्ही बाजूंनी मोजायचं. दांड्याच्या जोडाजवळ गंजाची बारीक रेघ दिसली तर रंग खरवडून बघा, बहुतेक वेळा ती चीर असते. ग्रीस लावायचंच, पण जुनं पुसून. धूळ मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं काम करतं.

चौपाटीवरून परतलेल्या ट्रॉलीला आणखी एक दुखणं असतं, खारं पाणी. २०२५ साली भरतीमुळं लालबागच्या राजाची मूर्ती तराफ्यावर घेता येईना, ती ट्रॉलीसकट कित्येक तास समुद्राच्या पाण्यात उभी राहिली. अशा पाण्यातून आलेली ट्रॉली त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायची, पिन अन् टर्नटेबल उघडायचं, वाळू काढून, सुकवून नवं ग्रीस भरायचं. तशीच ठेवली तर पुढच्या वर्षी पिन घणानं काढावी लागते. कोकणातल्या खाडीकाठच्या मंडळांनाही हे लागू.

बदलताना

ट्रॉली रिकामी, जागा सपाट, चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या, मगच पिन काढायची. नुसती पिन झिजली असेल तर पिन बदला. भोकही लांबट झालं असेल तर नवी पिन काही दिवसांत सैल होते, तिथं भोकात बुश बसवावा नाहीतर दांड्याची कडीच नवी घ्यावी. कडी जोडताना जुन्या वेल्डिंगवर नवा थर देऊ नये. जुनं ग्राइंडरनं साफ काढून कोरड्या ७०१८ रॉडनं जोड भरायला सांगा. झिजलेल्या पिनवर वेल्डिंग चढवून ती पुन्हा वापरू नये, ती कडक होते अन् तडकते.

जोडताना ट्रॅक्टर मागं येत असेल तेव्हा दांडा अन् हूक यांच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. दांड्याला टेकू द्यावा, ट्रॅक्टर थांबवून हँडब्रेक ओढावा, अन् मगच माणसानं आत जाऊन पिन घालावी. बोटं जातात ती या दोन मिनिटांच्या घाईत.

एक जादा पिन अन् दोन क्लिपा टूलबॉक्समध्ये ठेवाव्यात. जुनी पिन मात्र तिथं ठेवू नये. कापून भंगारात टाकावी, नाहीतर अडचणीच्या रात्री तीच पुन्हा हातात येते.