घामाचा हिशेब : लिव्हरपूलच्या क्रीडाविज्ञान विभागाची वाटचाल

फुटबॉलपटू मैदानावर करतो ते कामच, आणि काम म्हटले की त्याचा शरीरावर पडणारा भार मोजता यायला हवा. लिव्हरपूल पॉलिटेक्निकमधले फुटबॉल-संशोधन या सरळ विचारातून उभे राहिले. १९७५ मध्ये तिथे क्रीडाविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच सुमारास आयर्लंडच्या मेयो परगण्यातून आलेल्या थॉमस रायली यांची पीएच.डी. तिथेच पूर्ण झाली. विषय होता, व्यावसायिक फुटबॉलपटूला कामापायी सोसावा लागणारा ताण. कारखान्यातल्या कामगाराचे श्रम अभ्यासणारे शास्त्र रायलींनी मैदानावर आणले.

१९७६ मध्ये रायली आणि वॉन थॉमस यांचा एव्हर्टन क्लबच्या खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधने अगदी साधी. निरीक्षक टेपरेकॉर्डर घेऊन बसे आणि अख्ख्या सामन्यात एकाच खेळाडूवर नजर ठेवी. तो चालला, जॉग करू लागला, सुसाट पळाला, उलट पावली सरकला की ठरलेल्या खुणेच्या शब्दांत टेपवर नोंद होई. अंतराचा अंदाज मैदानावरच्या रेषा आणि आसपासच्या खुणांवरून घेतला जाई. ही पद्धत कितपत भरवशाची आहे, हे चित्रफितीशी ताडून पाहिले होते.

हाती आलेले आकडे जाणकारांनाही चकित करणारे होते. मैदानी खेळाडू सरासरी पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास अंतर कापत होते, मधल्या फळीतले सर्वांत जास्त. गोलरक्षकाचे अंतर सुमारे चार किलोमीटर. सामन्यात हजारेक वेगवेगळ्या हालचाली, म्हणजे दर पाच-सहा सेकंदांनी बदल. आणि चेंडू पायाशी असताना कापलेले अंतर एकूण अंतराच्या दोन टक्क्यांहूनही कमी! प्रेक्षक चेंडू पाहतो. खेळाडू दमतो तो चेंडू नसताना.

म्हणून चेंडूचा भार बिनमहत्त्वाचा ठरत नाही. १९८४ च्या एका प्रयोगात खेळाडूला ट्रेडमिलवर ड्रिबलिंग करायला लावले. पट्ट्याच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या खोक्यावर आपटून चेंडू पुन्हा पायाशी येई. त्याच वेगाने नुसते धावण्यापेक्षा ड्रिबलिंगला जास्त ऊर्जा लागते, हे दिसले. उलटे आणि आडवे धावणेही सरळ धावण्यापेक्षा महाग पडते, हेही त्याच वर्षीच्या कामातून पुढे आले. नुसते किलोमीटर मोजून भागणार नाही, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

१९८७ मध्ये ‘विज्ञान आणि फुटबॉल’ या विषयावरची पहिली जागतिक परिषद लिव्हरपूलला भरली. पुढे ती आइंडहोवन, कार्डिफ, सिडनी, लिस्बन अशी दर चार वर्षांनी फिरत राहिली. १९९२ मध्ये पॉलिटेक्निकचे लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठ झाले. पुढे ‘विज्ञान आणि फुटबॉल’ ही स्वतंत्र पदवीही तिथे मिळू लागली. २००० मध्ये बॅरी ड्रस्ट, रायली आणि सहकाऱ्यांनी चाल, जॉग, धाव यांची सामन्यासारखी सरमिसळ ट्रेडमिलवर उतरवली. त्यामुळे एरवी सामन्यात घेता न येणारी मोजमापे प्रयोगशाळेत घेता येऊ लागली. २००९ मध्ये रायलींचे निधन झाले. बायरम स्ट्रीटवरच्या विभागाच्या इमारतीला आज त्यांचे नाव आहे.

दरम्यान साधने पार बदलली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रोझोनसारख्या बहुकॅमेरा यंत्रणा क्लबांत आल्या. २०१५ मध्ये नियमावलीने सामन्यातही अंगावर मापनयंत्र घालायला मुभा दिली, आणि जीपीएसची बनियनवजा जॅकेट सर्रास दिसू लागली. एका खेळाडूमागे एक निरीक्षक लागत होता, तिथे आता बाविसांची नोंद एकदम होते.

खेळाडू नुसता किती नव्हे, तर कसा पळाला, हा जुनाच प्रश्न मात्र आजही उपयोगी पडतो. इंग्लिश प्रीमियर लीगच्या २००६-०७ ते २०१२-१३ या हंगामांचा अभ्यास झाला, तेव्हा एकूण अंतर जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलेले दिसले. वेगवान धावांचे अंतर मात्र सुमारे तीस टक्क्यांनी वाढले होते. नुसती बेरीज पाहिली असती तर खेळ तेवढाच राहिला, असेच वाटले असते. चाल, जॉग आणि धाव वेगवेगळ्या मोजण्याची शिस्त टेपरेकॉर्डरच्या काळातच लागली होती, आणि खेळाडूला किती दमवायचे, किती विसावा द्यायचा याचे गणित आजही त्याच शिस्तीवर मांडले जाते.