समुद्री गवत

१२. हे शेवाळ नव्हे. याला मुळे असतात, पाण्याखाली फुलेही येतात. पानांमुळे लाटांचा जोर मोडतो, गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो. त्या प्राणवायूविरहित चिखलात मेलेली मुळे इतकी सावकाश कुजतात की त्यांतला कार्बन शतकानुशतके गाडलेला राहतो. नवे कुरण लावता येते, पण असा साठा लगेच तयार करता येत नाही; म्हणून आहे ते कुरण राखायला हवे, असे मला वाटते. उदाहरणार्थ, पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बेमध्ये २०१०-११च्या उन्हाळ्यात समुद्र तापला. तेथील अँफिबोलिस या समुद्री गवताची पाने झडून नुसते दांडे उरले; एक-तृतीयांशाहून अधिक कुरणांची हानी झाली. उघड्या पडलेल्या गाळातून पुढच्या तीन वर्षांत २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. – संपा.