लाटेवरची बाई आणि पेल्यावरची बाई

आज आपण फार लांबच्या गावाला जाऊ या, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर. तिथे लोक फळीवर उभे राहतात आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे झेपावत येतात. हेच सर्फिंग. दूरचित्रवाणीवर तुम्ही ते पाहिलं असेल. हा गोऱ्या तरुण पोरांचा खेळ आहे असंच आम्हालाही वाटायचं. माहिती जमवायला बसलो, तेव्हा वेगळंच समोर आलं.

हवाईत हा खेळ शेकडो वर्षांचा. सरदार खेळत, साधी माणसं खेळत. पुरुष खेळत तशा बायकाही खेळत. 1820 साली अमेरिकेतून ख्रिस्ती धर्मप्रचारक आले. अपुऱ्या कपड्यांत बायका-पुरुषांनी एकत्र पोहावं, हे त्यांना पटेना. बाहेरून आलेल्या साथींनी तर गावंच्या गावं ओस पडली. लाटांवरची माणसं कमी होत गेली.

तरी खेळ मेला नाही. राजकन्या काइउलानी लाटांवर स्वार व्हायची. 1893 साली तिच्या मावशीचं, राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवण्यात आलं, तेव्हा ही सतरा वर्षांची मुलगी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपुढे दाद मागायला गेली. राज्य परत मिळालं नाही. 1898 साली अमेरिकेने हवाई बेटं आपल्यात घेतली. पुढच्याच वर्षी काइउलानी वारली, अवघी 23 वर्षांची. तिची फळी होनोलुलूच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.

आता दुसरी गोष्ट, टिकी. ही आपल्या कपाळावरची टिकली नव्हे बरं का! न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांत टिकी हा पहिला माणूस. मार्केसास बेटांवर टिकी म्हणजे लाकडाची किंवा दगडाची कोरीव मूर्ती, देवांची आणि पूर्वजांची. ज्यांच्यापुढे मान तुकवायची, त्या या मूर्ती.

1930 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दोन गोऱ्या व्यावसायिकांनी बेटांची सजावट करून दारूची हॉटेलं काढली. बांबूच्या भिंती, मासे पकडायची जाळी, मंद दिवे. पेल्यात मात्र रम, जी मूळची कॅरिबियन बेटांची, प्रशांत महासागराची नव्हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर बेटांवरून परतलेल्या सैनिकांनी तिथल्या आठवणी सांगितल्या आणि ही टूम देशभर पसरली. देवाच्या तोंडवळ्याचे पेले निघाले. गवताचा झगा नेसून नाचणारी बाई दिव्यांवर आणि कटोऱ्यांवर आली.

1959 साली हवाई अमेरिकेचं राज्य झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकणाऱ्या मुलीचा ‘गिजेट’ हा चित्रपट गाजला. सर्फिंग आणि टिकी यांची गाठ आता पक्की बसली. फळी, टिकी, फुलांचे सदरे, सगळं एकाच दुकानात मिळू लागलं.

मैत्रिणींनो, आमच्या मनाला लागली ती गोष्ट इथे आहे. दोन्हींची मुळं बेटांवरचीच. पण सर्फिंग शिकायचं तर हवाईच्या माणसाकडे जावं लागे. 1912 च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवणारे ड्यूक कहानामोकू हवाईचेच, आणि सर्फिंग जगभर नेलं ते मुख्यतः त्यांनी. टिकी हॉटेलाला बेटावरची माणसं लागतच नव्हती. त्यांचे चेहरे पुरत होते. एका ठिकाणी बाई लाटेवर उभी होती. दुसऱ्या ठिकाणी ती पेल्यावरचं चित्र झाली.

पुढे हवाईच्या बायकांनी आपली जागा परत घेतली. माकाहा गावच्या रेल सन यांनी 1976 साली गावच्या मुलांसाठी सर्फिंगची स्पर्धा सुरू केली. पुढे त्यांना स्तनांचा कर्करोग झाला. आजारातही त्या समुद्रात जात राहिल्या आणि दुसऱ्या बायकांना स्वतःची तपासणी कशी करायची ते समजावत राहिल्या. 1998 साली त्या गेल्या. मग सर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं आणि 2021 साली टोकियोत बायकांचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते हवाईच्या कारिसा मूरला.

कुणी आपली कला मागायला आलं, तर ती आनंदाने द्यावी. देताना एवढंच विचारावं: आम्हालाही बरोबर नेणार, की फक्त आमचं चित्र नेणार? पुढच्या बैठकीत यावर बोलू या.