एक दप्तर, अनेक हात

भोरहून वरंध घाटाकडे निघालात की नीरेच्या खोऱ्यात हिर्डोशी लागते. हा सारा मुलूख हिरडस मावळचा. देशमुखी बांदलांची, देशपांडेपण बाजीप्रभूंच्या घराण्याचे. बाजीप्रभू म्हटले की आपल्याला १६६० ची घोडखिंड आठवते. पण देशपांड्याचे रोजचे काम लेखणीचे! मावळाच्या हिशेबाचे कागद त्याच्या हाती. कागद रुमालात बांधलेले, अन् रुमाल सोडायचा तो दप्तर सांभाळणाऱ्यानेच. दोन गावचे लोक दोन वेगळे रुमाल मागू लागले, तर एकाने ओसरीवर थांबावे.

१९९० च्या सुमारास मोठ्या ग्रंथालयांपुढे हाच पेच आला. १९८५ पासून सीडीवर मजकूर मिळू लागला होता. एका तबकडीत अडीच-तीन लाख पाने सहज मावत. अशा शंभर तबकड्या एका कपाटात, त्या उचलणारा एक यांत्रिक हात आणि वाचणारी यंत्रे मात्र दोन-चारच. याचे नाव ज्यूकबॉक्स. नाणे टाकून गाणे ऐकवणाऱ्या यंत्रावरून पडलेले. हे कपाट युनिक्स संगणकाला जोडायचे. युनिक्स ही १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मलेली, अनेकांना एका वेळी काम करू देणारी प्रणाली. १९८४ साली सन कंपनीने अशी सोय काढली, की दूरच्या संगणकावरचे दप्तर आपल्याच संगणकावर असल्यासारखे दिसावे.

पण दिसणे निराळे आणि हाती येणे निराळे. एकच तबकडी दहाजणांनी मागितली तर अडचण नाही. यंत्रांपेक्षा जास्त तबकड्या एकदम मागितल्या, की हात काढ-घाल करीत बसतो. वाचन थोडे, धावपळ फार. कोणी कागद उघडा टाकून चहाला गेला, तर युनिक्स ती तबकडी सोडू देत नाही. मग सर्वाधिकार असलेल्या व्यवस्थापकाने, ज्याला तिथे 'रूट' म्हणतात, कोण अडवून बसला ते शोधायचे. रात्रीची गंमत तर औरच. संगणक साऱ्या दप्तरांची आपोआप झडती घेऊ लागे, आणि बिचारा हात पहाटेपर्यंत शंभर तबकड्या फिरवी!

यावर उपाय जुन्या कारकुनाला सुचावेत असेच होते. तबकड्यांची यादी हार्ड डिस्कवर ठेवायची, म्हणजे नुसते नाव पाहायला कपाट उघडायला नको. मागण्यांची रांग लावायची. बसवलेली तबकडी थोडा वेळ तरी हलवायची नाही. रात्रीच्या झडतीतून ज्यूकबॉक्स वगळायचा. एक गोष्ट मात्र देशपांड्यालाही हेवा वाटावा अशी: छापील तबकडीत खाडाखोड करताच येत नाही.

पुढे हार्ड डिस्क स्वस्त झाल्या, तबकड्यांतला मजकूर त्यांवर उतरवला गेला आणि कपाटे मोडीत निघाली. पेशवे दप्तरातले निवडक कागद सरदेसायांनी १९३० ते १९३४ दरम्यान ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा ते शाळामास्तरांच्याही हाती पोचू शकले. बाकीचे रुमालातच राहिले. ज्यूकबॉक्समधल्या ज्या तबकड्या कोणी उतरवून घेतल्या नाहीत, त्यांनाही आता वाचणारे यंत्र शोधावे लागते. मोडी कागदाला वाचणारा माणूस शोधावा लागतो, तसे.